शब्द कुणाचे, चाल कुणाची

गुरुवार, ११ जून २००९

त्रिशरण-पंचशील झालं, भांडी आवरली, आता लिहायला बसले. दीक्षाच्या बारावीच्या वहीची मागची पानं कोरी होती. पोरगी रद्दीत टाकायला निघाली होती, तिच्या हातातून काढून घेतली. घरखर्चाची वही वेगळी आणि ही वेगळी.

लिहायचं कारण निशिगंधा मॅडम. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका संस्थेनं लोकांसाठी छोटं रेडिओ केंद्र काढलंय, त्याच्या त्या प्रमुख. बचत गटाच्या बैठकीत मी हिशेब वाचून दाखवत होते आणि त्या मागे बसून ऐकत होत्या. बैठक सुटल्यावर म्हणाल्या, "आक्काताई, तुम्ही हिशेब वाचताना एक बाई कुजबुजली नाही. हा आवाज मला रेडिओवर पाहिजे." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण नाही. कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकानं रोजनिशी ठेवायची असंही त्यांनीच सांगितलंय.

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात गाण्यांचा कार्यक्रम करायचा. सिनेमातलं एकही गाणं लावायचं नाही, कारण त्याचे हक्क घ्यावे लागतात आणि तेवढी केंद्राची ऐपत नाही. लोकांनी स्वतः रचलेली, स्वतः गायलेली गाणीच घ्यायची. मॅडम त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. मी नाव सुचवलं, 'घरचं गाणं'. घरचं तूप म्हणतो तसं. लगेच पास झालं.

ह्यांना सांगितलं. हे उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला. संध्याकाळी घरी येतात तेव्हा बोलायचंसुद्धा त्राण नसतं. बूट काढता काढता म्हणाले, "मॅट्रिक झाल्याचं चीज झालं म्हनायचं. पन शनवारी जेवान मिळंल न्हवं?"

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती इथं लिहिते. मला आबांचं गाणं रेडिओवर लावायचंय. आबा म्हणजे माझे वडील, आजरा-चंदगड रस्त्यावर मैलकुली होते. दिवसा खड्डे बुजवायचे आणि गाणी रचायचे. जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांचा आवाज कुठल्या कॅसेटवर नाही, नाव कुठं छापलेलं नाही. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी माझ्यावर एक गाणं केलं. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला ते अजून म्हणतात. एकदा ते नावासकट हवेतून जावं. मग मला काही नको.

शनिवार, १३ जून

पहिला कार्यक्रम झाला!

खोलीला आतून गोधडीसारखं जाड कापड लावलंय. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. घाम पुसला तरी माईकला ऐकू जातो म्हणे. लाल दिवा लागला आणि मी म्हणाले, "नमस्कार, मी आक्काताई, तुमच्यासाठी घरचं गाणं घेऊन आलो." निशिगंधा मॅडम काचेपलीकडे तोंडाला हात लावून हसल्या. त्या पुण्याच्या, त्यांच्याकडे बायका 'आले' म्हणतात. लिहिताना मीही तसंच लिहिते, पण तोंडातून निघालं ते निघालं. नंतर म्हणाल्या, "बदलू नका. गल्ली ऐकतेय असं वाटतं."

पहिले पाहुणे आकाराम रिक्षावाले. स्वतःच्या रिक्षावर गाणं केलंय. बायको रुसली की माहेरी जाते आणि रिक्षा रुसली की गॅरेजला, असं आहे. मॅडमनी विचारायला सांगितलं होतं की गाणं स्वतःचं आहे का. मी माझ्या पद्धतीनं विचारलं, "शब्द कुणाचे? चाल कुणाची?" आकाराम छातीवर हात ठेवून म्हणाले, "शब्द माझं, चाल माझी, रिक्षा बँकेची." आता दर पाहुण्याला हेच विचारायचं ठरलंय.

घरी आले. हे भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "ऐकलं का?" म्हणाले, "कामात हुतो." बरं.

मंगळवार, ७ जुलै, आषाढी पौर्णिमा

विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. सगळ्या बायका कार्यक्रमाचंच बोलत होत्या. एकीनं विचारलं, "आमी बसवल्यालं गानं घेशील का?" मी विचारलं, चाल कुठली? तर ती सिनेमातली. नाही म्हणाले. वाईट वाटलं, पण पंचशीलातलं दुसरं शील काय सांगतं? न दिलेलं घ्यायचं नाही. वाटीभर साखर उसनी आणली तरी मी दुसऱ्या दिवशी परत देते. चाल तर माणसाच्या पोटातून आलेली असते, ती उचलून आणायची म्हणजे काय? केंद्राचा नियम फक्त सिनेमाच्या गाण्यांचा आहे. चालीचा नियम माझा. मॅडमना सांगितला, त्यांनाही पटला.

एक तक्रार. रेडिओचे सेल महिनाभरसुद्धा टिकले नाहीत. रेडिओ घरात माझ्याच कार्यक्रमाच्या दिवशी लागतो, आणि मी तर तेव्हा केंद्रात असते. दीक्षाला दटावलं. ती शपथ घेते की मी हात लावला नाही.

शनिवार, १ ऑगस्ट

आज कॉलेजची पोरं आली होती, पृथ्वीराज आणि त्याचे तीन मित्र. गिटार, ढोलकी आणि एक रिकामा पत्र्याचा डबा. गाणं गाडी पंक्चर झाल्यावर रंकाळ्यावरून ढकलत नेण्यावर. मी आधी नाक मुरडलं होतं. पण पोरांनी काय गायलं! शेवटी मीच टेबलावर बोटं वाजवत होते आणि ते माईकमध्ये गेलं. विचारलं, चाल कुणाची? पृथ्वीराज म्हणाला, "काकू, ढकलता ढकलता सुचली. दमलो की थांबायचं, परत ढकलायचं, तशीच चाल आहे."

कार्यक्रम संपल्यावर फोन थांबेनात. एक बाई म्हणाली, "शनवारी सहाला आमच्या गल्लीत नळाला पानी येतंय, तरी आमी रेडिओ बंद करत न्हाय." एवढं मोठं शिफारसपत्र मला दुसरं कुणी देणार नाही. घरी येताना मी जरा ताठ चालत होते, हे कबूल करते.

शनिवार, १२ सप्टेंबर

आज झुंबरबाईंना नाही म्हणावं लागलं.

झुंबरबाई आमच्या शेजारच्या. भिंत एकच. गल्लीतलं भजनी मंडळ त्याच चालवतात, अंबाबाईला दर शुक्रवारी जातात, आणि दुसरीकडे हिंदी-मराठी सगळे सिनेमे त्यांना पाठ. नवरात्र आठवड्यावर आलंय म्हणून अंबाबाईचं नवं गाणं घेऊन आल्या होत्या, बारा बायका आणि टाळांसकट. पहिली ओळ म्हटली आणि मीसुद्धा ओळखली. परवाच्या गणपतीत चौकातल्या मंडळानं तेच सिनेमाचं गाणं दहा दिवस लावलं होतं.

"झुंबरबाई, शब्द छान आहेत, पण चाल घरची नाही."

"देवीला चालतंय, तुला चालंना व्हय?"

"देवीला चालेल. नियमाला नाही."

"नियम कुनी केला?"

"मी केला."

त्या उठल्या. बारा बायका उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुझ्या घरचं गानं ऐकवशील की कवातरी. आमी बी ऐकतो." टाळ पिशवीत टाकले त्याचा आवाज अजून कानात आहे.

पण मी योग्य तेच केलं. एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असं मला जमत नाही.

शनिवार, ३ ऑक्टोबर

झुंबरबाई बोलत नाहीत. दोरीवर कपडे वाळत घालताना मान पलीकडे.

ठरलं. पुढच्या शनिवारी आबांचं गाणं. चौदा तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्याच आठवड्यात. विहारातल्या पाच बायकांना शिकवलं. म्हणजे शिकवावं लागलंच नाही, एकदा ऐकलं आणि चाल लगेच बसली. आबांच्या चालीचा हाच तर गुण.

ह्यांना सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. म्हणाले, "त्येच लावायला पायजे व्हय? आबांनी दुसरी बी केलीत की."

"ते माझ्यावर केलेलं आहे."

"व्हय, त्ये खरं हाय," म्हणाले आणि पाणी प्यायले.

आज सकाळी दीक्षा केस विंचरताना आबांचीच चाल गुणगुणत होती. किती बरं वाटलं! शब्द मात्र हिंदी काहीतरी. ही पोरं कशालाही हिंदी शब्द लावतात. मला बघून गप्प झाली. मग म्हणाली, "आई, ही चाल नक्की आबांचीच ना?" मी म्हटलं, "मग कुणाची, तुझ्या मास्तरांची?" ती वेणी घालत बसली.

शनिवार, १० ऑक्टोबर

जे झालं ते सरळ लिहिते.

सहा वाजता लाल दिवा लागला. मी सांगितलं की आजचे पाहुणे आता या जगात नाहीत. ते मैलकुली होते, शाळेत गेले नव्हते, आणि त्यांनी लेकीला शाळेत घातलं. मग नेहमीचा प्रश्न मीच विचारला आणि मीच उत्तर दिलं, "शब्द माझ्या वडिलांचे, चाल माझ्या वडिलांची." बायकांनी गायलं:

गुडघाभर चिखल तुडवित लेक शाळंला गेली,
बाबा तुमच्या पुण्याईनं पाटी भरून आली.
मैलाचा मी दगड उभा, वाट बघतो नुसती,
लेक माझी वाचत गेली पुढच्या गावची पाटी.

गाणं संपलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. फोन वाजला. मी अभिमानानं फोन हवेत घ्यायचं बटण दाबलं.

"हॅलो, मी झुंबरबाई बोलतोय. शब्द वडिलांचं, चाल वडिलांची म्हनलीस न्हवं? मग ऐक की गं."

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. हिंदी गाणं. एका जुन्या सिनेमातलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, वळण, सगळं तेच. आबा जिथं 'शाळंला' म्हणताना आवाज चढवायचे, तिथंच त्याही चढल्या.

"नवी नवरी हुतो तवा आमच्या मालकांनी दाखिवलाय मला ह्यो सिनिमा. दोनदा. देवीची चाल उसनी, आनि तुझ्या बाची घरची व्हय गं आक्का?"

सगळी पेठ ऐकत होती. शेजारी बसलेल्या पाच बायकांनी माना खाली घातल्या. तेव्हा कळलं की त्यांनाही माहीत होतं. म्हणून तर चाल एका दमात बसली. मॅडमनी काचेपलीकडून पंक्चरचं गाणं लावलं.

घरी आले. ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"आपल्या लग्नात आबा गायलं तवापास्नं. म्हनलं, सासरा हाय, मांडवात कशाला बोला. फुडं मग सवय लागली गप बसायची."

दीक्षालाही माहीत होतं. एवढ्या मोठ्या कोल्हापुरात हे माहीत नसलेली मी एकटीच. आबा आम्हाला सांगायचे, सिनेमात पैसा घालवू नये. मी ते आयुष्यभर पाळलं.

सोमवार, १२ ऑक्टोबर

सकाळी वंदनेला बसले. दुसऱ्या शीलाशी अडले. आबा रोज हेच म्हणायचे. मग त्यांनी न दिलेलं घेतलं कसं? विहारातल्या बायकांना, झुंबरबाईंना मी परत पाठवलं, आणि माझ्या घरात काय होतं?

केंद्रात जाऊन मॅडमना सांगितलं की कार्यक्रम सोडते. त्या म्हणाल्या, "येत्या शनिवारी दिवाळी आहे, जुनं रेकॉर्डिंग लावते. नंतरच्या शनिवारी तुम्ही यायचंय."

"कुठल्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं नियम केलात त्याच. काल सकाळी एक काका इथं तासभर बसून गेले. म्हणत होते, फाउंड्रीत शनिवारी तुमच्यासाठी सगळं काम थांबतं, बंद करू नका."

कुठले काका ते विचारायचं राहिलंच. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

बुधवार, १४ ऑक्टोबर

विहारातला कार्यक्रम आटोपून सरळ एसटीनं आजऱ्याला, तिथून गावी. आईला तोंडावर विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं. केंद्र आमच्या गावापर्यंत ऐकू येत नाही, म्हणून तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईचं नाव चिमणाबाई. पंचाहत्तरी ओलांडली तरी काजू सोलते. ओसरीवर सूप घेऊन बसली होती.

सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती हसली!

"मग? सिनिमाचीच हाय की ती. आजऱ्याला तंबूत सिनिमा याचा. तुझा बा भाईर कनातीला टेकून हुबा ऱ्हायाचा. तिकिटाला पैसं कुठलं? आत लोक बघायचं, ह्यो भाईर ऐकायचा. आनि चालत घरला."

"पण आई, ते उसनंच की. आबा असं कसं करतील?"

"वस्तीतल्या बायका दिसभर लोकाच्या रानात. तिन्हीसांजंला येऊन भाकरी थापायच्या. त्यास्नी नवी चाल कोन शिकवत बसनार, आनि कवा? हाटेलाच्या रेडिवनं ती चाल समद्यांच्या तोंडात बसल्याली. तुझा बा म्हनायचा, भांडं घरात हायच, आपन निस्तं त्यात चांगलं पानी भरायचं. एका रातीत समद्या वस्तीला पाठ झालं बघ. लेक शाळंत घालावी ह्ये त्यांच्या तोंडात बसलं. तुझ्या मागनं सात पोरी गेल्या शाळंला."

आबा चुकले की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण सात पोरींची नावं आईनं घेतली आणि मला एकेकीचं दप्तर आठवलं.

मग मी म्हटलं, एकदा म्हणून दाखव. ती काजू सोलता सोलता म्हणायला लागली. पण कुठली काय! 'चिखल' शब्दावर तिनं एवढा वेळ आवाज धरला की मला वाटलं विसरली. सूप पाखडायला थांबली, तिथं गाणंही थांबलं. 'वाट बघतो' ला तर खालीच उतरली. मी दोनदा दुरुस्त करून दिलं. तिनं ऐकलं नाही. वय झालं, दुसरं काय.

उद्या तिला घेऊन कोल्हापूरला जाते. पृथ्वीराजकडून आबांच्या शब्दांना नवी चाल लावून घ्यायची आणि ती आईनं म्हणायची, असं मनात आलंय. शब्द तरी आमचे आहेत.

सोमवार, १९ ऑक्टोबर

पृथ्वीराज गिटार घेऊन तीन दिवस येतोय. चाल फार गोड केलीय पोरानं. आई त्याला भाकरी-खर्डा वाढते, गाल कुरवाळते, आणि चाल काही उचलत नाही. आज म्हणाली, "लेकरा, चाल झ्याक हाय. पन म्हातारीनं दम कुठं घ्यायचा, त्ये तू ठेवलंच न्हाईस." आणि परत आपलीच सुरू.

तेवढ्यात दारात झुंबरबाई. हातात चिवडा-करंज्यांची ताटली. दर दिवाळीला त्यांची ताटली येते आणि रिकामी ताटली मी कधी परत देत नाही. भांडण असलं तरी रीत मोडली नाही, हे मानलं पाहिजे. ताटली माझ्यापुढे धरली, नजर भलतीकडे. जायला वळल्या आणि आईचं गाणं ऐकून थांबल्या.

मला वाटलं, आता परत टोमणा. त्यांनी मान तिरकी केली. ओठ हलले. आईबरोबर हिंदी शब्द म्हणून बघत होत्या. पहिल्या ओळीला जमलं, मग आई 'चिखला'त थांबली आणि झुंबरबाई एकट्याच पुढे गेल्या. परत धरलं. परत सुटलं.

"ह्ये कुठलं गं?"

"तेच. आबांचं. आई चुकतेय."

"थांब गं तू." सरळ आत येऊन आईपुढे बसल्या. "आजी, परत म्हना."

आईनं परत म्हटलं. अगदी तसंच. जिथं मघाशी थांबली तिथंच थांबली, जिथं उतरली तिथंच उतरली. म्हणजे विसरलेली नव्हती. एवढी वर्षं ती अशीच म्हणत आली होती आणि मी चौदा एप्रिलच्या लाऊडस्पीकरात आईचा एकटीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

झुंबरबाईंनी दोन्ही हात मांडीवर आपटले. "आक्का, मला ठाव नसल्याली सिनिमाची चाल अजून निघायची हाय. आनि ही मला ठाव न्हाय. ही सिनिमातली न्हाय बघ आता."

पृथ्वीराजनं गिटार पिशवीत घातली. म्हणाला, "काकू, माझी चाल राहू दे."

मी झुंबरबाईंना म्हणाले, "माझं चुकलं. तुम्हाला परत पाठवताना मला माझं घर ठाऊक नव्हतं."

"ताटली मोकळी देऊ नकोस म्हंजे झालं," म्हणाल्या. मी त्यात घरचे काजू घातले.

शनिवार, २४ ऑक्टोबर

मॅडमनी आधी जुनं सिनेमाचं गाणं ऐकलं, मग आईचं गाणं रेकॉर्ड करून ऐकलं, मग दोन्ही परत ऐकली. शेवटी म्हणाल्या, "हे वेगळं गाणं आहे. लावायचं."

सहा वाजता मी आधी सगळं सांगितलं. नियम मीच केला, लोकांना परत मीच पाठवलं आणि माझ्याच वडिलांची चाल तंबूच्या कनातीतून आलेली निघाली. चाल घरची नसेल तर 'घरचं गाणं'त अजूनही घेता येणार नाही, पण यापुढं कुणाला परत पाठवायचं तर आधी पुरतं ऐकून घेऊन. एवढं म्हणाले. आवाज हिशेब वाचते तसा निघाला.

आई माईकपुढे बसली होती, मांडीवर काजूचं सूप. सुपाशिवाय मला म्हणता येत नाही म्हणाली. तिच्या मागे टाळ घेऊन झुंबरबाई. त्यांना म्हटलं होतं, तुमचं अंबाबाईचंही आता पुरतं ऐकून घेते. त्या म्हणाल्या, "आमची चाल अजून सिनिमातली ओळकू येती. आनि धा वर्सं गाऊन मोडतो, मग बोलीव."

मी विचारलं, "चिमणाबाई, शब्द कुणाचे?"

"आमच्या मालकांचं. रस्त्यावर कामाला हुतं. नाव घिऊ का?"

"घ्या की."

आई लाजली. मग ताठ बसली आणि आबांचं नाव घेतलं, "कृष्णात." सबंध पेठेत गेलं ते नाव.

"आणि चाल कुणाची?"

आईनं सूप एकदा पाखडलं. झुंबरबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चाल तंबूतली हुती. आता माझीच म्हना. चाळीस वर्सं झाली, कोन मागाय आलं न्हाय."

काचेपलीकडे मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आईनं 'चिखला'वर आवाज धरला. धरला, धरला. मी दुरुस्त केलं नाही.

रविवार, २५ ऑक्टोबर

आईला एसटीत बसवलं. सकाळपासून लोक थांबवून विचारत होते, ह्याच का त्या आजी? मी प्रत्येकाला 'व्हय, माझी आई' म्हणत होते. लिहितानाच कळतंय की किती वेळा म्हणाले.

हे स्टँडवर आले होते, सुट्टीचा दिवस म्हणून. आईच्या पाया पडून म्हणाले, "काल आमच्या शॉपात भट्टी थांबिवली तुमच्यापायी." आई म्हणाली, "जावई, तुमी तर त्या दिशी म्हनला, रेडिव ऐकाय येळ मिळत न्हाय." हे खोकत खोकत पाणी आणायला गेले. तेवढ्यात मला आठवलं, सेल परत संपलेत, येताना आणायला सांगायचे होते. मागं वळून बघितलं तर ते सेलच्याच दुकानात उभे होते. न सांगता कसं कळलं कुणास ठाऊक.

आई खिडकीतून म्हणाली, "त्यो तुझा रेडिव कुठपत्तूर ऐकू जातोय म्हनलीस?"

"शहराच्या जरा पलीकडं. दहाएक किलोमीटर."

"म्हंजे आजऱ्यापत्तूर न्हाय."

"नाही."

गाडी हलली. आईनं सूप मांडीवर नीट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तिथं मी गातो की."